मांडलेले छायाचित्र आणि आपण

(महोत्सवी समारंभात कोगनोळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी छायाचित्रे निवडण्याचे काम कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविले. चाळीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविली आणि सुटीच्या दिवशी संस्थेचा बिनपगारी फोटोग्राफर म्हणून राबलो, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडणे साहजिकच होते. जुन्या पेट्या उघडल्या, पाकिटे सोडविली आणि दोन रात्री फोटो चाळीत बसलो. तिसऱ्या दिवशी चिटणिसांना म्हणालो, "फोटो देतो, पण त्याआधी मला थोडे बोलावयाचे आहे." ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोलल्याशिवाय राहणार नाही हे आम्ही धरूनच चाललो होतो." त्यांच्या या उदारपणाचा फायदा घेऊन मी आपणापुढे उभा आहे.

विषय आहे मांडलेले छायाचित्र. समोर एखादी गोष्ट सहज घडत असते आणि आपण ती टिपतो, हा छायाचित्राचा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात माणसे, कपडे, सामान, उजेड हे सारे आधी विचारपूर्वक जागच्या जागी ठेवतात आणि त्यातून एक कथा सांगतात. याला मी मांडलेले छायाचित्र म्हणतो. नाव नवे वाटेल, वस्तू आपल्या ओळखीची आहे. गणेशोत्सवात आपल्या भागातील मंडळे सजीव देखावे उभे करतात. गल्लीतलीच पोरे मावळे होतात, एखादा धिप्पाड गडी अफझलखान होतो, मागे प्रतापगडाचा पडदा लागतो, आणि पाहणाऱ्याला एका नजरेत प्रसंग कळतो. जुन्या नाटकवेड्या मंडळींना टॅब्लो आठवत असेल. नटमंडळी ठरल्या ठिकाणी ठरल्या आविर्भावात क्षणभर निश्चल उभी राहावयाची. अशा देखाव्यासमोर कॅमेरा ठेवला की झाले मांडलेले छायाचित्र.

याचे घरगुती रूप म्हणजे जत्रेतला फोटो. तंबूत पुठ्ठ्याची मोटार असे, नाही तर विमान, नाही तर अर्ध्या चंद्रकोरीचा झोपाळा. मागच्या पडद्यावर ताजमहाल. आयुष्यात कधी मोटारीत न बसलेला गडी डोक्यावर फेटा बांधून चाकावर हात ठेवून बसे, शेजारी कारभारीण पदर सावरून बसे, आणि तो फोटो घरी भिंतीवर देवांच्या रांगेत लागे. त्याने कोणाला फसविले काय? मुळीच नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाला मोटार पुठ्ठ्याची आहे हे ठाऊक होते. त्या नवराबायकोला काय व्हावेसे वाटत होते, एवढे मात्र त्या फोटोत अगदी खरे उतरले होते. हा जत्रेतला फोटो आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

ही विद्या आपल्या उंबरठ्याशीच वाढली. इथून कोल्हापूर ते किती दूर! त्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यांना चालत्या चित्रांचा ध्यास लागला आणि कॅमेरा विकत मिळेना, तेव्हा तो आपणच बनवावा असे त्यांनी मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या साह्याने कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. या कंपनीला पैशाचा आधार देणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. कागल म्हणजे आपले शेजारघरच. त्याआधी नाशिककडचे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला. फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटोचा धंदा करीत होते. त्यांच्या चित्रात तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ, कारण बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहावयास तयार नव्हत्या. सिनेमा म्हणजे तरी काय? मांडलेल्या छायाचित्रांची लांबच लांब माळ.

बाबूरावांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' सांगण्याजोगा आहे. सावकाराच्या कागदात जमीन गमावून शहराकडे निघालेल्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्यातील एक दृश्य पाहणारे लोक पुढे कित्येक वर्षे आठवीत: अंधारलेली झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे. झोपडी, अंधार, कुत्रे, सारे आणून ठेवलेले. तरीही कर्जात बुडालेल्या कुळाचे दुःख त्यात होते. मांडलेले म्हणजे खोटे, असे म्हणण्याची घाई म्हणूनच करू नये.

दूरदेशी हा वाद फार जुना आहे. छायाचित्रणाची कला जन्मली तेव्हाच तो जन्मला. फ्रान्समध्ये इपोलित बायार नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या युक्तीने छायाचित्र काढण्याची एक रीत शोधली होती. पण सरकारदरबारी मान गेला तो डागेर यास. तेव्हा १८४० साली बायारने स्वतःचेच एक छायाचित्र घेतले. त्यात तो डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसासारखा पडला आहे. पाठीमागे मजकूर लिहिला, त्याचा भाव असा की सरकारने याची दखल घेतली नाही, बिचाऱ्याने जीव दिला. माणूस धडधाकट होता, तक्रार खरी होती. पुढे १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच वेगवेगळ्या काचा जोडून एक चित्र तयार केले. क्षयाने शेवटच्या घटका मोजणारी मुलगी, भोवती घरची माणसे, खिडकीकडे तोंड करून उभा असलेला एक पुरुष. लोक खवळले. असला दुःखाचा प्रसंग कॅमेऱ्याने दाखवावा काय, असे विचारू लागले. मुलगी आजारी नव्हती आणि प्रसंग सारा रचलेला होता. रंगाने काढलेली मरणाची चित्रे त्याच लोकांच्या दिवाणखान्यात असत, त्यांचा कोणास राग येत नसे. छायाचित्राला आपण साक्षीदार मानतो. साक्षीदाराने नाटक केलेले आपणास खपत नाही.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथून गोष्ट जरा अवघड होते. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने तिथल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे एक पुस्तक दोन भागांत काढले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो एकीकडे घ्यावयाचे, आणि मागे दुसऱ्याच जागेचे देखावे जोडावयाचे, अशी त्याची रीत. चित्राखाली जमातीचे नाव. आपलीच माणसे, पण कोण कुठे बसावे, मागे काय दिसावे, हे ठरविणारा दुसरा.

याहून कठीण प्रकार १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळातला. या दुष्काळाने मद्रास इलाख्याला झोडपले, तसे आपल्या बेळगाव, कलादगी, सोलापूर या भागांनाही सोडले नाही. मद्रासकडे हूपर नावाच्या लष्करी अंमलदाराने दुष्काळपीडितांची छायाचित्रे घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे, बायका, पोरे, कॅमेऱ्यापुढे ओळीने बसविलेली. एका चित्राखाली 'फुकट मदतीस पात्र' अशा अर्थाचे शब्द आहेत. उपाशी माणसांना फोटोसाठी मांडून बसविले म्हणून त्याच काळात त्याच्यावर टीका झाली. यात भूक रचलेली नव्हती. भूक शंभर टक्के खरी होती. मग खटकते काय? मी यावर बराच विचार केला. मला वाटते, खटकते ते हे की त्या माणसांकडे दुसरे काही उरले नव्हते, आणि आपण कसे दिसावे एवढेही त्यांच्या हाती ठेवले नाही.

मंडळी, इतका वेळ मी फ्रान्स, इंग्लंड, मद्रास असा फिरत राहिलो, कारण घरी येण्याचा धीर होत नव्हता. आता येतो.

पेटीत मला माझ्याच हातचा एक फोटो सापडला. तीसेक वर्षांपूर्वी आपल्या संस्थेने शाळेतील गरजू मुलांना वह्या, दप्तरे आणि गणवेश वाटले. देणगीदार बाहेरगावचे, समारंभाला आलेले. एका मुलीला पुस्तकांचा संच देतानाचा फोटो घ्यावयाचा होता. मुलगी पाचवीतली. वडील नव्हते, आई निपाणीस तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. फोटो निघणार हे कळल्यावर ती मुलगी दिवाळीचा फ्रॉक घालून आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि आईने माळलेला अबोलीचा गजरा. मी कॅमेऱ्यातून पाहिले आणि माझ्या मनात आले की यात गरज दिसत नाही. मी तिला म्हणालो, "अगं, हे काय? घरी जा आणि रोजचे कपडे घालून ये." ती गेली. अर्ध्या तासाने परत आली ती उसवलेल्या बाहीचा फ्रॉक घालून. रिबिनीही सोडून आली होती आणि गजराही काढला होता. तेवढे मी सांगितले नव्हते. ते तिचे तिला कळले.

फोटो उत्तम आला. देणगीदार कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, मुलगी खाली पुस्तकांकडे पाहते आहे. तो अहवालात छापला. मला शाबासकी मिळाली. पुढच्या वर्षी देणग्या वाढल्या, हेही सांगितले पाहिजे. त्या पैशांतून वह्याच घेतल्या गेल्या आणि त्या मुलांनी वापरल्या. म्हणून मी आपणास असे सांगत नाही की त्या फोटोने कोणाचे भले झाले नाही. झाले. त्याची किंमत कोणी भरली, एवढेच मला इतक्या वर्षांनी दिसले.

त्या मुलीने फोटो कशाला म्हणतात ते माझ्यापेक्षा बरोबर ओळखले होते. जत्रेतल्या त्या मोटारवाल्या गड्यासारखे तिनेही स्वतःचे चित्र मांडले होते. त्यात गोष्ट होती: आज मला पुस्तके मिळणार, मी शाळेत जाणारी मुलगी आहे. मी तिची मांडणी मोडली आणि माझी लावली. दोन्ही फोटो मांडलेलेच झाले असते. फरक मांडणाऱ्याचा. आज मला आपणासमोर एवढीच एक गोष्ट ठेवावयाची आहे. मांडलेल्या छायाचित्राला 'हे घडले होते काय' एवढे विचारून भागत नाही. 'हे कोणी मांडले, आणि चित्रातल्या माणसाला विचारले होते काय' हे विचारावे लागते.

हे कसे विचारावे, याची दोन उदाहरणे आजच्या काळातली देतो. आपल्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळूरला, पुष्पमाला एन. या कलावती आहेत. त्यांनी २००० ते २००४ या वर्षांत क्लेअर आर्नी यांच्यासमवेत दक्षिणेकडील स्त्रियांच्या प्रसिद्ध प्रतिमा पुन्हा उभ्या केल्या. रविवर्म्याची लक्ष्मी, जुन्या फोटोत मोजमापाच्या चौकटीपुढे उभी केलेली आदिवासी बाई, वर्तमानपत्रात छापलेल्या पोलिसांच्या फोटोतील दोन गुन्हेगार बायका, असे कितीतरी. प्रत्येक ठिकाणी त्या स्वतःच वेष करून उभ्या राहिल्या. घरोघरी देव्हाऱ्यात असलेली लक्ष्मी आणि पोलिसांच्या फोटोतली बाई, दोघींच्या जागी तोच चेहरा पाहिला की आपल्या ध्यानी येते, बाईने कसे दिसावे हे या सगळ्या चित्रांत दुसऱ्याच कोणी ठरविले होते.

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचे. तिथे बोहाड्याच्या उत्सवात देवदैत्यांचे मुखवटे घालून सोंगे नाचवितात. कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे करणारे कोकणा आणि वारली कारागीर तिथे आहेत. सुभाष आणि भगवान कडू हे बंधू त्यांपैकी. छायाचित्रकार गौरी गिल २०१५ पासून त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्यांनी सुचविले की या वेळी मुखवटे देवांचे नकोत, तुमच्या रोजच्या जगण्यातले करा. कारागिरांनी माणसांचे, पशुपक्ष्यांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचे मुखवटे केले, आणि गावातल्या लोकांनी ते घालून आपल्याच घरात, दवाखान्यात, कामाच्या जागी प्रसंग उभे केले. चेहरा झाकला आहे, म्हणून त्यांच्याकडे पाहून कोणाला हळहळता येत नाही. गरिबीचा फोटो पाहण्याची आपल्या डोळ्यांना जी सवय लागली आहे तिला तिथे जागाच मिळत नाही. ही छायाचित्रे पुढे जर्मनी, अमेरिका अशा देशांतील मोठ्या प्रदर्शनांत लागली. मांडणी मात्र जव्हारकरांची.

आता आमचे खजिनदार मनात काय म्हणत आहेत ते मला दिसते. ते म्हणतात, मास्तर, तुमचे बोलणे ठीक आहे. पण दात्याला गरज दिसली नाही तर त्याचा हात खिशाकडे जाईल काय? हा प्रश्न मी थट्टेवारी नेत नाही. फाटक्या बाहीच्या फोटोने जेवढे पैसे आले तेवढे दिवाळीच्या फ्रॉकने आले असते, अशी हमी मला देता येत नाही. कदाचित थोडे कमी आले असते. पण जे पैसे मुलीच्या रिबिनी सोडवून आणावे लागतात त्यांचा हिशेब आपण कोणत्या रकान्यात लिहावा? आपल्या जमाखर्चात त्याला रकाना नाही. म्हणून मी तो आज तोंडी मांडतो आहे.

आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. डाळतांदळाची पिशवी द्यावयाची तर देणारे आठ आणि घेणारी म्हातारी एक, आठही हात पिशवीला लागलेले, असे फोटो आपण मोबाईलवर पाहतो. हार पुन्हा घाला, साहेबांचे डोळे मिटले होते, हे तर आपल्या समारंभांतून नित्याचेच. त्यावर हसावे आणि सोडून द्यावे. परंतु दिलेली वही फोटो बिघडला म्हणून मुलाच्या हातून परत घ्यावयाची आणि पुन्हा द्यावयाची, यावर मला हसू येत नाही. मुलाला त्या क्षणी वाटते की वही गेली.

म्हणून महोत्सवाच्या निमित्ताने चार साध्या गोष्टी मी विश्वस्तांपुढे ठेवतो. पहिली, मदत देण्याचा प्रसंग फोटोसाठी पुन्हा करावयाचा नाही. दुसरी, मांडून फोटो घ्यावयाचाच असेल तर घेणाऱ्याला आधी विचारावयाचे की तुम्हाला कसा आवडेल, आणि नको म्हटले तर नको. मदत त्यावर अडणार नाही. तिसरी, चित्राखाली देणाऱ्याचे नाव असेल तर घेणाऱ्याचेही त्याच आकाराच्या अक्षरात, त्याच्या मर्जीने. नसेल तर दोघांचेही नको. चौथी, जो फोटो समारंभानंतर रचून घेतला त्याखाली तसे लिहावयाचे. यात लाज कसली? बाबूरावांनी पडदा रंगविला तो पडदाच म्हणून रंगविला.

राहिला तो पेटीतला फोटो. तो स्मरणिकेत छापावा काय, हे विचारावयास मी त्या मुलीकडे गेलो. आता ती मुलगी कसली, मोठी बाई झाली आहे. पलीकडच्या गावी दिली, सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. इथे ही हकीकत सांगण्यास तिने परवानगी दिली, नाव सांगू नका म्हणाली. फोटो तिने हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मला वाटले रागावेल, नाही तर डोळ्यांत पाणी येईल. तसे काही झाले नाही. तिने विचारले, "सर, पहिल्या फ्रॉकातला न्हाई का वो एखादा?"

नव्हता. छत्तीस फोटोंचे रीळ, ते वाचवावयाचे म्हणून मी काढलाच नव्हता.

मी तिला म्हणालो, आता काढू या, तू सांगशील तसा. तिने विचार करून सांगितले: आई खुर्चीवर बसेल, मी मागे उभी राहीन, आणि धाकटी बाजूला. आईला नवे लुगडे घ्यावयाचे आहे, म्हणून पुढच्या रविवारी या. आणि हातात पुस्तक किंवा वही काही द्यावयाचे नाही, असे मला दोनदा बजावले.

तेव्हा चिटणीस महाशय, स्मरणिकेतील एक पान मी रविवारपर्यंत अडवून ठेवतो. छापखान्याला कळवावे. आणि त्यांच्या घरी पाठीची खुर्ची नाही, म्हणून कार्यालयातील अध्यक्षांची खुर्ची एक दिवसापुरती मिळावी, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षमहाशय मान हलवीत आहेत, म्हणजे ती मान्य झाली असे धरतो.